एवढा वाफा उरकू द्या

चैत्र-वैशाखात आमच्याकडे दोन गोष्टी एकाच वेळी येतात. कांदा काढायचा असतो आणि वळीव यायचा असतो. शिरूर तालुक्यात पाबळच्या पुढे आमची वस्ती आहे. घर मळ्यातच, गावठाणापासून लांब. तालुका तसा कमी पावसाचा, सगळी भिस्त चासकमानच्या कालव्यावर आणि विहिरीवर. वर्षभर ज्याची वाट बघायची तोच पाऊस या दोन महिन्यांत वैरी होतो. काढलेला कांदा पातीखाली झाकून वावरात सुकत पडलेला असतो. त्यावर एक सर पडली की पुढे कांदा साठवायच्या चाळीत सड लागलीच म्हणून समजा. त्यामुळे आभाळ भरून आलं की सगळं घर ताडपत्र्या घेऊन रानाकडे धावतं. म्हाताऱ्या माणसांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळे. वीज कडाडायला लागली की ज्या जागेवरून निघून यायला हवं, त्याच जागेकडे आम्ही त्या वेळी पळत जातो.

विजांबद्दलच्या सूचना आपण सगळे वाचतो. झाडाखाली थांबू नका, उघड्यावर थांबू नका, घरात जा. हे आता पोराटोरांनाही पाठ आहे. तरी माणसं जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं दगावतात. त्यात शेतात काम करणारे फार असतात. ही माणसं अडाणी होती म्हणून गेली, असं कोणी म्हटलं की मला राग येतो. त्यांना बहुतेक सगळं माहीत होतं. हातातलं काम टाकून निघायला त्यांना कोणी सांगितलं नाही, एवढंच.

इशारे येत नाहीत अशी आता परिस्थिती नाही. पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, त्यावरून पडलेलं ते नाव. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. 'दामिनी' हे विजेची सूचना देणारं ॲप याच संस्थेने केलं. म्हणजे आमच्या वस्तीपासून तासा-दीड तासाच्या वाटेवर हे सगळं ज्ञान बसलेलं आहे. तिथून निघालेली सूचना माझ्या मोबाईलपर्यंत येते. पुढचं अंतर आहे घरापासून वावरापर्यंतचं. ते कापायचं काम माझंच आहे.

रोज मी काय करते ते सांगते. सकाळी धारा काढून झाल्या की चहा घेताना हवामान खात्याने जिल्ह्याला दिलेला इशाऱ्याचा रंग बघते. हिरवा असेल तर काही नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. हा सगळ्या जिल्ह्याचा, पूर्ण दिवसाचा अंदाज असतो. दुपारी जेवणाआधी हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघते. आणि आभाळात ढग चढायला लागले की 'दामिनी' उघडते. त्यात आपण उभे आहोत तिथून २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं दिसतात. गेल्या काही मिनिटांत त्यात वीज कुठे पडली ते रंगीत ठिपक्यांनी कळतं. मोठ्या वर्तुळात ठिपके दिसायला लागले की माझ्यासाठी रानातलं काम संपलं.

गावात एक वाक्य सारखं ऐकू येतं, "रोजच पिवळा असतोय, पडत तर काहीच नाही." हे म्हणणाऱ्याला मी दोष देत नाही, पण त्याचं उत्तर सोपं आहे. पुणे जिल्हा लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत पसरलेला. वळवाचा एक ढग त्यातल्या पाच-दहा किलोमीटरवर कोसळतो आणि संपतो. आमच्याकडे धूळ उडाली नाही त्या दिवशी केंदूरला गारा पडलेल्या असू शकतात. इशारा चुकलेला नसतो, त्या दिवशी पाळी दुसऱ्या गावाची होती. म्हणून सकाळचा रंग बघून कोणी काम बंद ठेवू नये. कोणाला परवडणारही नाही. त्या रंगावर त्या दिवसाच्या कामाची मांडणी ठरवायची, बस.

मांडणी म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या मते सगळं त्यातच आहे. पिवळा किंवा नारिंगी असेल त्या दिवशी कांद्याची काढणी सकाळी लवकर सुरू करायची, पात कापायचं काम उन्हं तापायच्या आत उरकायचं आणि ताडपत्री दुपारी बाराला टाकायची. ढग आल्यावर टाकायची नाही, कडक ऊन असतानाच टाकायची. कडा मातीने दाबायच्या, चहू बाजूंनी सावकाश. उन्हात झाकल्याने कांद्याला वाफ धरते अशी तक्रार घरातून येते, आणि ती खरी आहे. म्हणून ढिगाच्या दोन्ही टोकांना वारा खेळेल एवढी जागा उघडी ठेवते आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच ताडपत्री काढते. थोडा कांदा खराब झाला तरी चालेल. दुपारी तीनला भरलेल्या आभाळाखाली माझी माणसं पळणार नाहीत.

वळवाचा ढग बहुतेकदा दुपारनंतरच का येतो, हेही समजून घ्यायला हवं. चैत्रात जमीन तापून हवा झपाट्याने वर चढते. तिच्यात समुद्राकडची ओल मिसळली की ढग काही तासांत अनेक किलोमीटर उंच जातो. वरून तो पसरट होतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. आत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर घासून विद्युतभार वेगळे होतात आणि वीज तयार होते. मग ढगातून थंड हवा खाली कोसळते. दिवसभर भाजून निघालेल्या माणसाला तो गार वारा फार बरा वाटतो. बाया पदर मोकळा सोडून क्षणभर उभ्या राहतात, पोरं अंगणात येतात. पण तो वारा ढगानेच खाली सोडलेला असतो. तो लागला म्हणजे ढग डोक्यावर आलाच. थेंब पडायच्या आधी वीज पडू शकते. ढगापासून दहा किलोमीटर लांब, निरभ्र दिसणाऱ्या जागीही पडू शकते. पाऊस सुरू झाला की निघू, हा हिशेब म्हणूनच जिवावर बेततो.

चमक दिसल्यावर आवाज यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुमच्यावरही पडू शकते. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी बाहेर पडायचं नाही. हा अर्धा तास पाळणं सगळ्यात अवघड जातं. पाऊस थांबतो, ऊन पडतं, आणि माणसं लगेच भिजलेला कांदा बघायला धावतात.

आता मजुरांचं. आमच्याकडे कांदा काढायला बायांची टोळी येते. काम बहुतेक उक्तं असतं, एकरावर. दिवस लांबला तर नुकसान त्यांचं, कारण उद्या दुसऱ्याचं वावर ठरलेलं असतं. ढग वर चढताना मी बांधावरून हाक मारते तेव्हा टोळीतली मोठी मावशी म्हणते, "वहिनी, एवढा वाफा उरकू द्या, मग निघतोच." हे वाक्य तिच्या तोंडून मी कितीदा तरी ऐकलंय. त्यात हट्ट नसतो. सकाळपासून वाकलेल्या बाईला समोर वाफ्याचं टोक दिसत असतं. पंधरा मिनिटांचं काम राहिलेलं असतं. आणि मालकीण खरंच मनापासून थांबवतेय की नुसतं बोलायचं म्हणून बोलतेय, हेही ती बघत असते.

म्हणून हे मालकानेच सांगायला हवं, आणि आधी सांगायला हवं. काम सुरू होतानाच मी सांगून ठेवते की मी हाक मारली की विळे वाफ्यात टाकून निघायचं, राहिलेला वाफा माझा. उक्त्याचे पैसे पूर्ण. हजेरीने आलेल्या बाईची हजेरीही पूर्ण, ती दुपारी दोनला निघाली तरी. यात मी काही दानधर्म करते असं कोणी समजू नये. ज्याच्या वावरात माणूस उभा आहे त्याच्यावर त्या माणसाची जबाबदारी असते. पैसे कापले जाणार या भीतीने बाई थांबत असेल, तर मी मारलेली हाक फुकट. यावर बांधाशेजारच्या एका दाजींनी मला सुनावलं, "असे पैसे द्यायला लागलीस तर सगळ्यांचे दर बिघडतील." बिघडू देत.

शेजारच्या वस्तीवर काही वर्षांपूर्वी जे झालं ते मी पाहिलेलं आहे, म्हणून एवढं तोडून बोलते. पाऊस आला म्हणून बाया चिंचेखाली उभ्या राहिल्या. मोठी, जुनी चिंच, गाडी उभी राहील एवढी सावली. वीज चिंचेवर पडली. एक बाई जागीच गेली. ती बुंध्याला टेकली होती. बाकीच्यांना बरेच दिवस नीट ऐकू येत नव्हतं आणि एकीचे पाय लुळे पडले होते, ते हळूहळू सावरले. मी गेले तेव्हा चिंचेची साल वरपासून खालपर्यंत एका पट्ट्यात सोलून निघालेली होती, आतलं लाकूड ओलं आणि पांढरं. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून खाली येताना जवळच्या माणसाकडे उडी मारते, आणि मुळांपाशी जमिनीतूनही पसरते. झाड जितकं उंच आणि एकटं तितकं वाईट.

मग थांबायचं कुठे? भिंती असलेलं पक्कं घर, शाळा, ग्रामपंचायत. तेवढं जवळ नसेल तर काचा बंद केलेली जीप किंवा पिकअपची केबिन. केबिनच, मागचा हौदा नाही. ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड यांचा काही उपयोग नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतही स्टार्टरला हात लावायचा नाही. विहिरीच्या काठापासून, शेततळ्यापासून, तारेच्या कुंपणापासून लांब. घरातसुद्धा मोरीत अंघोळ आणि नळाखाली भांडी नको, कारण वीज नळातून आणि वायरीतून आत येते. टीव्ही आणि चार्जरच्या पिना ढग यायच्या आधीच काढायच्या.

आणि काहीच जवळ नसेल तर सखल जागा बघून, एकमेकांपासून लांब, टाचा जुळवून उकिडवं बसायचं. डोकं गुडघ्यात, हात कानांवर. आडवं पडायचं नाही, पाय फाकवायचे नाहीत. जमिनीतून येणारा प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, म्हणून पायांतलं अंतर कमी हवं. अशाने जीव वाचेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. वेळ तिथपर्यंत येऊच द्यायची नाही.

वादळात माणूस आसरा शोधतो आणि कधी कधी तो आसराच अंगावर येतो. १७ एप्रिल २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात, किवळ्याला, वादळी वाऱ्यात महामार्गालगतचं लोखंडी होर्डिंग कोसळलं आणि त्याखाली थांबलेली पाच माणसं गेली. त्याच्या आठवडाभर आधी, ९ एप्रिलला, अकोला जिल्ह्यात पारसला मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर मोठं झाड पडून सात माणसं गेली. दोन्हीकडे माणसं पावसापासून वाचायलाच आत शिरली होती. म्हणून गावातल्या प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या थांब्याकडे एकदा चांगल्या उन्हात उभं राहून वर बघावं. एसटीच्या शेडवर कुठलं झाड वाकलंय, टपरीवर कसला फलक आहे, वरून तार गेलीय का.

आमच्या भागात पत्र्यांवर दगड ठेवायची सवय आहे. पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला दगड पत्र्यासकट उडतो किंवा घरंगळत खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो. पत्रे हुकांनी आणि नटबोल्टांनी खालच्या अँगलला आवळून घ्यावेत. मार्चमध्येच, गावात वेल्डिंगवाला मोकळा असतो तेव्हा. वादळानंतर तुटलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असं धरू नये. साचलेल्या पाण्यात पडलेली असेल तर त्या पाण्यात पाय नको. १९१२ वर फोन करायचा आणि तिथे कोणाला तरी उभं करून वाट अडवायची.

जनावरांचं थोडक्यात. गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, आणि मध्ये काळीज. त्यामुळे जमिनीतून पसरलेल्या विजेने माणूस वाचतो तिथे गाय मरते. झाडाला साखळीने बांधलेल्या गाई दुपारीच सोडवून गोठ्यात आणायच्या. बिबट्याच्या धास्तीने आमच्याकडे बरेच गोठे बंदिस्त झाले, त्याचा इथे फायदाच झाला. दगावलं तर तलाठी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवून पंचनामा झाल्याशिवाय जनावर पुरू नये, म्हणजे मदत मिळते. माणूस गेल्यास वारसांना शासनाकडून ४ लाख रुपये मिळतात, त्यालाही शवविच्छेदन आणि पंचनामा लागतो. दुःखाच्या भरात घरचे थेट अंत्यविधी उरकतात आणि मागे राहिलेल्या लेकरांचा हक्क जातो. अशा वेळी शेजाऱ्याने धीर करून हे बोलावं.

आता एका गोष्टीवर मला जोर द्यायचा आहे. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला झटका बसतो, ही समजूत गावोगाव आहे आणि ती साफ खोटी आहे. त्याच्या अंगात काही उरलेलं नसतं. बऱ्याचदा त्याचं हृदय आणि श्वास थांबलेला असतो, बाकी शरीर धड असतं. तेव्हाच छाती दाबायला सुरुवात केली तर माणूस परत येऊ शकतो. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक, कोपरं ताठ, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटीमीटर खोल जाईल इतकं जोरात. दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. अनेकांवर एकदम वीज पडली असेल तर कण्हणाऱ्याकडे आधी न जाता निपचित पडलेल्याकडे आधी जायचं, कारण कण्हणारा श्वास घेतो आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शिबिरात हे मी शिकले. रबरी बाहुलीवर दाबताना दम किती लागतो ते कळलं. एकट्याने जमत नाही, पाळीपाळीने दाबावं लागतं. टोळीतल्या दोन तरुण पोरींना मी हे आमच्या ओट्यावर उशीवर करून दाखवलं आहे.

आणखी समजुती आहेत. पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसावर वीज पडते म्हणतात. आमच्या नात्यातली एक पायाळू मुलगी म्हणून पावसाळाभर घाबरत वाढली. वीज तिच्या जन्माची चौकशी करत नाही. गारा सुरू झाल्या की त्या थांबाव्यात म्हणून सासूबाई अंगणात विळा टाकायला उठायच्या, त्यांच्या आईनेही तेच केलेलं. मी त्यांना म्हणाले, "आई, विळा आपण आत्ताच टाकून ठेवू, ढग यायच्या आधी." त्यांना पटलं. त्यांची श्रद्धा राहिली आणि गारांत बाहेर जाणं थांबलं. मोबाईल वीज ओढतो म्हणून फोन बंद करून ठेवणारेही आहेत. चार्जिंगला न लावलेला मोबाईल वीज ओढत नाही. बंद फोनवर इशारा मात्र येत नाही.

आमच्या मळ्यांमध्ये आता हाकेची साखळी आहे. प्रत्येक मळ्यातला एक माणूस ठरलेला, बहुतेक घरात असणारी बाईच. मेसेज टाकायचा नाही, फोन करायचा, कारण रानात मेसेज कोणी बघत नाही आणि निम्म्या बायांकडे साधे बटणाचे फोन आहेत. गावठाणात देवळाच्या भोंग्यावरून सांगतात. वादळात लाइट आधी जाते, म्हणून भोंगा ढग दिसतानाच वाजायला हवा, हे पुजाऱ्यांशी बोलून ठेवलं आहे. भोंगा पोचत नाही तिथे शिट्टी.

या साखळीत सगळ्यात शेवटी जोडले गेले ते मेंढपाळ. कांदा निघाला की रिकाम्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवतात. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, उघड्या रानात, वाघर म्हणजे जाळी लावून, बाया-पोरं पालात. त्यांना गावाच्या कुठल्याच ग्रुपमध्ये जागा नसते, आणि वादळात सगळ्यात उघडे तेच असतात. यंदा वाडा बसवताना कडुलिंबापासून लांब बसवायचा आणि माझा फोन आला की पोरांना घेऊन बायांनी आमच्या पडवीच्या आतल्या खोलीत यायचं, असं ठरलं आहे. मेंढ्यांपाशी एकाला थांबावंच लागतं, ते काही सुटलेलं नाही. तो शेजारच्या बंद जीपमध्ये बसेल, चावी त्याच्याकडे दिली आहे. त्यांच्याकडे फोन चार्ज करायची सोय नव्हती. तो आता रात्री आमच्या ओट्यावर लावतात, आणि सकाळी दूध घालायला जाताना पूर्ण भरला का ते बघून मी त्यांच्या हातात देते.